टिकेल का हो?

गडद रंगाची गाडी घेतलेल्या माणसाचं पहिलं वर्ष सुखात जातं. दुसऱ्या वर्षी एखाद्या रात्री तो सोसायटीच्या दिव्याखाली गाडी लावतो, उतरताना सहज बॉनेटकडे बघतो आणि तिथेच थबकतो. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती असंख्य बारीक गोल रेघा उमटलेल्या असतात. तो मोबाइलचा टॉर्च लावतो. टॉर्च जाईल तिथे रेघा मागोमाग. दारावर, टपावर, डिकीवर. त्या रात्री तो गप्प गप्प जेवतो आणि घरच्यांना वाटतं ऑफिसात काहीतरी झालं.

या रेघा खरं तर गोल नसतातच. त्या वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. उजेड ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढ्याच चमकतात, आणि त्या नेमक्या दिव्याला घेरून बसल्यासारख्या दिसतात. पण एवढ्याने मालकाचं समाधान होत नाही. त्याला गुन्हेगार हवा असतो आणि त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. रोज पहाटे एक बादली आणि एक फडकं घेऊन एक जण पार्किंगमध्ये हजर असतो. बादलीतलं पाणी ए विंगला स्वच्छ असतं, सी विंगला पोचेपर्यंत त्याचा चहा झालेला असतो. फडकं मात्र पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत तेच. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. म्हणजे महिन्याला पाचशे रुपये मोजून आपण रोज सकाळी गाडीला हलक्या हाताने पॉलिश पेपर मारून घेत असतो. हे कळलं तरी त्याला कोणी बोलत नाही. एवढ्या पैशांत प्रत्येक गाडीला स्वच्छ पाणी आणि वेगळं फडकं मागायचं तर आधी पगार वाढवावा लागेल, आणि तो विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढायची कोणाची छाती नाही.

मग चौकशी सुरू होते. गॅरेजवाला म्हणतो, "रबिंग-पॉलिश करून देतो, दीड-दोन हजार द्या." काचेच्या दाराच्या, एसी लावलेल्या दुकानात त्याच कामाला डिटेलिंग म्हणतात, तिथे आकडा बघता बघता पाच अंकी होतो आणि कॉफी फुकट मिळते. दोन्हीकडून परत येताना सिग्नलला उभ्या उभ्या मराठी मध्यमवर्गीय डोक्यात एक हिशोब जुळतो. एकदाचे दोन हजार घालवण्यापेक्षा तीन हजारांचं मशीन घेतलं तर जन्माचं काम झालं! ड्रिल मशीन, गाडी धुवायचा प्रेशर पंप आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर हे तिघेही याच हिशोबाने घरात आले आणि याच क्रमाने माळ्यावर गेले, ही गोष्ट त्या हिशोबात धरायची नसते.

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात घडणारा संवाद मी इतक्या वेळा कान देऊन ऐकलाय की आता तो न जाताही सांगू शकतो.

"बफिंग मशीन दाखवा."

"घरगुती का गॅरेजला?"

"घरगुतीच. पण चांगलं द्या."

दुकानदार तीन खोकी काउंटरवर ठेवतो. तिन्हींवर एकच लाल स्पोर्ट्स कार, तीच मुळी कधी पॉलिशची गरज न पडलेली. "हे सव्वादोन, हे पावणेतीन, हे साडेतीन."

"फरक काय?"

"हे हिरवं, हे निळं, हे केशरी."

"अहो, आतमध्ये फरक काय?"

"बॉडी सगळ्यांची एकच आहे साहेब. केशरीत कार्बन एक्स्ट्रा येतात."

थोडी शांतता. मग गिऱ्हाईक आवाज खाली आणून, डॉक्टरांना विचारावं तसं विचारतं, "टिकेल का हो?"

आणि दुकानदार गेल्या तीन पिढ्यांचं ज्ञान तीन शब्दांत देतो. "वापरण्यावर आहे साहेब."

गिऱ्हाइकाला हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं. मला विचाराल तर या व्यवहारातलं एवढंच वाक्य शंभर टक्के खरं असतं. बाकी खोक्यावरचं सगळं जपून वाचावं. 1400 वॅट लिहिलेलं असतं, पण ते मशीन किती वीज खातं त्याचं माप. काम किती करतं ते खोक्यावर नसतं. आत फोमची दोन-तीन पॅड, नाडी बांधायचं लोकरीचं टोपडं, एक लांबट हँडल, आणि पॉलिश पेपरच्या गोल चकत्या. या चकत्या लाकडासाठी आणि लोखंडासाठी असतात. कारच्या पॉलिशिंगचं म्हणून विकलेल्या खोक्यात त्या ठेवणाऱ्याच्या मनात नेमकं काय असतं कोण जाणे, पण मालकाला 'एवढं सगळं आलं' याचंच समाधान असतं. तळाशी कागदाच्या पुडीत कार्बनची, म्हणजे मोटरच्या कार्बन ब्रशची जोडी. मशीन अजून एकदाही चालू झालेलं नाही आणि कंपनीने झिजणाऱ्या भागांची सोय आधीच करून ठेवलेली. इतकी प्रामाणिक कबुली मी दुसऱ्या कुठल्याही उत्पादनात पाहिलेली नाही.

आता या यंत्राचा स्वभाव. याला रोटरी म्हणतात, कारण ते एकाच दांड्याभोवती एकाच जागी गरागरा फिरतं, बस. मिनिटाला 600 पासून 3000 फेरे, अंगठ्याने फिरवायच्या एका चकतीवर एक ते सहा आकडे. 3000 हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण 180 मिलिमीटरचं पॅड त्या गतीने फिरलं की त्याची कड ताशी 100 किलोमीटरच्या वर जाते. गाडी पार्किंगमध्ये उभी, हँडब्रेक ओढलेला, आणि तिच्या दारावरून काहीतरी शंभरच्या वेगाने घासत चाललंय. सिंहगड रोडवर आयुष्य काढलेल्या गाडीच्या नशिबात एवढा वेग बहुधा एवढ्याच कारणाने येतो. म्हणून जाणकार सांगतात की रंगावर काम करायचं तर साधारण हजार ते पंधराशे फेऱ्यांवर करा, चकती दोन-तीनच्या पुढे नेऊ नका.

गंमत इथेच सुरू होते. आतली मोटर कुठली? तर आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये असते त्याच जातीची. कार्बन ब्रशवाली, जोरात पळणारी, ओझं पडलं की गती सोडणारी. हिचा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर जोरात फिरली तर पंखा जोरात आणि मशीन गार. हळू फिरवली तर पंखा हळू आणि मशीन गरम. म्हणजे रंगाला हळू फिरलेलं मानवतं आणि मोटरला जोरात फिरलेलं. दोघांचं एकाच वेळी भलं करता येत नाही. कोणीतरी एक तापणारच. महागड्या मशीनमध्ये यावर इलाज असतो. ओझं पडलं की आतलं सर्किट ते ओळखून वीज वाढवतं आणि फेरे कायम ठेवतं. अडीच हजारांत हे सर्किट येत नाही. चकती असते, पण ती बहुतांशी आपल्या समाधानासाठी. दोनवर ठेवून मशीन दाबलं की फेरे बसतात, फेरे बसले की माणूस चकती चारवर नेतो, आणि मग जरा हात हलका केला की तेच मशीन एकदम उसळून पुढे पळतं. मिक्सरला निदान बुडाशी लाल बटण असतं. डाळ जास्त झाली की टक्‌ करून बंद पडतो. या मशीनला बहुधा तेवढीही अब्रू दिलेली नसते.

आणि हे सगळं चालतं कशावर? कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, असं सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातलं लॅकर 35 ते 50. सकाळी तुम्ही वाचता त्या वर्तमानपत्राचा एक कागद या लॅकरपेक्षा जाड असतो. ओरखडे घालवायचे म्हणजे ते भरून काढायचे नसतात. त्यांच्या खोलीपर्यंत आजूबाजूचं लॅकर घासून खाली आणायचं असतं. प्रत्येक पॉलिशला त्या लॅकरमधून थोडं जातं आणि गेलेलं परत येत नाही. काठांवर, दाराच्या उभ्या धारेवर, बॉनेटच्या कण्यावर तर ते आधीच पातळ असतं, आणि रोटरीचं पॅड टेकायला नेमक्या त्याच उंचवट्यावर जातं. बंपर प्लास्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरवणं त्याला जमत नाही. तिथे दोन सेकंद जास्त थांबलात की काम तमाम.

जुन्या लोकांना हे पटत नाही. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मशीन बाहेर निघालं की एक काका येतातच. त्यांच्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी होती.

"अरे, इतका काय घाबरतोस? आम्ही दर दिवाळीला पद्मिनीला रबिंग मारायचो. फडकं लालभडक व्हायचं!"

काका खोटं बोलत नाहीत. त्या गाडीला वरपासून खालपर्यंत एकच रंग होता. घासला की फडक्याला लागायचा आणि खालून नवा निघायचा. आताच्या गाडीत रंग खाली आणि लॅकर वर. फडकं शेवटपर्यंत पांढरंच राहतं. ज्या क्षणी त्याला गाडीचा रंग लागला त्या क्षणी समजायचं, लॅकर संपलं, आता पेंटरला फोन करा. काकांच्या काळात जी कामाची पावती होती ती आता पंचनाम्याची सुरुवात झाली आहे. पण हे काकांना कोण सांगणार? ते तोपर्यंत "जरा जोर लाव" म्हणून मोकळे झालेले असतात.

या रविवारच्या प्रयोगाला प्रेक्षक भरपूर. पहिला नियम असा की पॅड गाडीला टेकवून मगच बटण दाबायचं. हा नियम प्रत्येक नवा माणूस बटण दाबल्यावर शिकतो. पॅडवर घासायच्या मलमाचे, म्हणजे कंपाउंडचे, चार मोठे ठिपके दिलेले असतात. हवेत फिरल्याबरोबर ते चारी दिशांना समान न्यायाने वाटले जातात. एक भिंतीवर, एक चष्म्यावर, एक शेजारच्या स्कूटरच्या सीटवर, आणि उरलेलं काकांच्या लेंग्यावर. मास्किंग टेप लावली नसेल तर खिडकीच्या काळ्या रबरात पांढरं कंपाउंड जाऊन बसतं आणि वाळलं की पुढची दोन वर्षं हलत नाही. वायर खांद्यावरून मागे टाकायची असते, ती बॉनेटवरून घासत फिरते आणि जे ओरखडे काढायला निघालो त्यात नवीन भर टाकते. मागच्या काचेखालचं 'आई-वडिलांचा आशीर्वाद' हे स्टिकर वाचवायचं राहून जातं आणि 'आई-वडिलांचा' एवढंच उरतं.

तरीही दुपारी बारापर्यंत गाडी चकाकते, हे मान्य केलं पाहिजे. बेसमेंटमधल्या ट्यूबलाइटखाली तर अशी चकाकते की बायको खाली येऊन फोटो काढते. सोमवारी सकाळी गाडी उन्हात निघते आणि दारावर लांबच लांब धुरकट पट्टे दिसू लागतात, गाडी हलली की तेही हलतात. याला होलोग्राम म्हणतात. लोकरीचं पॅड एकाच दिशेने फिरून गेल्याच्या त्या खुणा. गॅरेजवाल्यांच्या हातूनही हे पट्टे पडतात, पण ते वरून तेलकट वॅक्स फासतात. पट्टे त्यात बुडतात आणि चार-पाच वेळा गाडी धुतल्यावर वर येतात. तोवर बिल भरून झालेलं असतं.

मग टिकाऊपणाचं काय? लोक समजतात तसं हे मशीन एकदम मरत नाही. ते हप्त्याहप्त्याने जातं. आधी वेल्क्रो. पॅड ज्या चकतीला चिकटतं तिचा गोंद उष्णतेने सुटतो आणि एक दिवस पॅड स्वतंत्रपणे पार्किंगमधून प्रवासाला निघतं. मग वेगाची चकती एक आणि सहा एवढ्या दोनच आकड्यांवर काम करू लागते. मग बटण लॉक होतं पण सुटत नाही, तेव्हा प्लग उपटून मशीन थांबवायची सवय लागते. वायर हँडलमध्ये शिरते तिथे तुटते. आणि सगळ्यात शेवटी कार्बन.

कार्बन बदलण्याचा कार्यक्रम मात्र बघण्यासारखा. मशीनच्या दोन्ही बाजूंना काळी झाकणं असतात, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवली की स्प्रिंगसकट कार्बनचा तुकडा बाहेर उडी मारतो. पुडीतली जोडी तोपर्यंत हरवलेली असते. वाइंडिंगच्या दुकानात जावं. अंधारं, वॉर्निशच्या वासाचं दुकान, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, टेबलावर पोट फाडलेले मिक्सर. तिथले मामा जुना कार्बन चिमटीत धरून उजेडाकडे बघतात. "याचा साइज येत नाही." आपला चेहरा पडतो. मग ते एका डबड्यातून कुठल्याशा ड्रिलचा जरा मोठा कार्बन काढतात, पॉलिश पेपरवर चारी बाजूंनी घासतात, फुंकर मारतात, बसवून बघतात, परत घासतात. "जाईल आता." ठिणग्या उडत मशीन सुरू होतं. "ठिणग्या जरा बसतील दोन दिवसांत." पन्नास रुपये. मी म्हणतो की त्या मशीनमधला सगळ्यात अचूक मापाचा भाग आता हाच असतो.

पण काळ्या पडलेल्या आर्मेचरकडे, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याकडे, बघून मामा मान हलवतात. भरून द्यायला हजार-बाराशे. "त्यापेक्षा नवीन घ्या साहेब." वाइंडिंग करून पोट भरणारा माणूस जेव्हा वाइंडिंग करू नका म्हणतो, तेव्हा ऐकावं.

काही जण तेवढेही पैसे वाचवतात. घरात कापायचं ग्राइंडर असतंच, त्यालाच पॅड लावायचं म्हणतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे मारतं, म्हणजे कडेला ताशी दोनशे किलोमीटर. "पंख्याचा रेग्युलेटर जोडू की!" असं म्हणणारे इंजिनिअर मला ठाऊक आहेत. सुदैवाने ग्राइंडरच्या दांड्याचे आटे सहसा M10 चे आणि पॉलिशिंगच्या चकतीचे M14 चे असतात, त्यामुळे बऱ्याच गाड्या केवळ आटे न जुळल्याने वाचल्या आहेत. ड्रिलला पॅड लावणारे त्यापेक्षा सज्जन; त्यांचं नुकसान ड्रिलपुरतं राहतं.

आता सगळ्यात आश्चर्याची गोष्ट. एवढं बोललो तरी घरगुती मालकाच्या हातात ही स्वस्त मशीनं सहसा जळत नाहीत. गॅरेजमध्ये तेच मशीन दिवसाला सहा तास चालून काही आठवड्यांत मान टाकेल. म्हणून तर दुकानदार आधी 'घरगुती का गॅरेजला' विचारतो. घरी ते वर्षाकाठी एक-दोन रविवार चालतं. मोटरला मरायला वेळच मिळत नाही. ते मरतं माळ्यावर. दोन पावसाळ्यांत फोम हाताला लागताच भुगा होतो, गिअरमधलं ग्रीस घट्ट होतं, वायर कडक होते, लोकरीच्या टोपड्यात कसर शिरते. खंडेनवमीला मात्र ते न चुकता खाली येतं. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, लॅपटॉप यांच्या शेजारी पाटावर बसतं, हळदकुंकू लावून घेतं, झेंडूचं फूल डोक्यावर घेतं आणि परत वर जातं. मधे एखाद्या वेळी सी विंगमधून कोणी उसनं मागायला येतं. "फक्त एक दार करायचंय." ते मशीन परत येतं तेव्हा पॅड कडक झालेलं असतं आणि वाक्य ठरलेलं असतं. "जरा वास येत होता हो, आधीपासूनच होता का?"

म्हणून 'टिकेल का' हा प्रश्न चुकीचा नाही. तो चुकीच्या वस्तूबद्दल विचारला जातो. मशीन तीन हजारांचं, बॉनेट परत रंगवायला त्याहून जास्त लागतात. वॉरंटी मशीनला असते, तीही कार्बन आणि आर्मेचर सोडून. बॉनेटला कोणाचीच नसते. मशीन अर्ध्यात बंद पडलं तर गाडीचं काही वाकडं होत नाही. ते न थकता, न अडखळता चालत राहिलं तरच खरी भीती. ज्यांचा हात नवा आहे त्यांनी दुप्पट पैसे मोजून ड्युअल अॅक्शनवालं मशीन घ्यावं. ते फिरता फिरता डोलतं, आणि जास्त दाबलं की फिरायचंच थांबतं. दुकानात त्याला लोक 'ताकद नाही' म्हणून नावं ठेवतात. त्या ताकद नसण्यानेच रंग वाचतो.

आणि रोटरीच घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, सव्वादोनचंही चालेल. फक्त सुटा कार्बन त्या दुकानात मिळतो का ते आधी विचारा आणि पहिलं बटण स्वतःच्या गाडीवर दाबू नका. भंगारवाल्याकडे अपघातातल्या गाडीचं जुनं बॉनेट किलोवर मिळतं. ते आणा, वीट लावून गच्चीवर ठेवा आणि लॅकर फाटेपर्यंत घासा. किती वेळाने फाटतं ते एकदा हाताला कळू द्या. बॉनेट घेताना काळं मागा. पांढऱ्यावर काहीच दिसत नाही.